पार्टी प्रत्येक नगरात पहारेकऱ्यांशीच का भिडते? जुनाट बिघाड आणि त्याची दुरुस्ती

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून डाइसवर खेळायचा भूमिका-खेळ. तो चालवणाऱ्या सगळ्या डीएमना (डन्जन मास्टरना) हे लक्षण पाठ असतं. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, नव्या नगराच्या वेशीपाशी येते, पहारेकरी म्हणतो की धनुष्यं आणि मोठी शस्त्रं इथं जमा करा, कुणीतरी नाही म्हणतं, पहारेकरी आवाज चढवतो आणि टेबलाच्या टोकाकडून शब्द येतात, "मी त्याला मारतो." इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतल्या पाळ्या ठरवणारा डाइस, टाकली जाते. चार राउंडांनी वेशीत सहा प्रेतं पडलेली असतात, आणि तुम्ही खपून रचलेला सरदाराच्या मेजवानीचा प्रसंग वहीतच राहतो. पुढच्या नगरात पुन्हा तेच. राज्य बदला, कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) बदला, तरी तेच.

हा बिघाड परत परत येतो, कारण त्याची दुरुस्ती बहुतेक वेळा पहारेकऱ्याच्या आकड्यांत शोधली जाते.

आकडे फुगवून काय होतं ते बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ ची) साध्या गार्डचा आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) १६, हिट पॉइंट (किती नुकसान सोसतो) ११ आणि चॅलेंज रेटिंग (किती धोकादायक) १/८. पाचव्या लेव्हलचा विझर्ड (जादूगार) फायरबॉल टाकतो तेव्हा ८ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे आठ डाइस, सरासरी २८ नुकसान होतं. सेव्ह (बचावाचा डाइस) जमला तरी १४. म्हणजे २० फूट त्रिज्येत उभा असलेला प्रत्येक गार्ड सेव्ह जमो न जमो, सरासरीनेच संपतो. हे एकदा घडलं की डीएम चिडतो आणि पुढच्या नगरात गार्डच्या जागी ५८ हिट पॉइंटवाले व्हेटरन उभे करतो. मग त्यांच्यामागे नाइट. मग राजाचा खास मांत्रिक. आणि एक दिवस कुणीतरी रास्त प्रश्न विचारतं: वेशीवर उभं राहायला एवढे तगडे लोक आहेत, तर डोंगरातल्या ड्रॅगनसाठी आम्हाला कशाला बोलावलंत?

याला टेबलापाशी बसून देता येईल असं उत्तर नाही. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये शहराच्या हद्दीत पहारेकऱ्यांना हाक मारली की पहारेकरी जागच्या जागी प्रकट व्हायचा आणि गुन्हेगाराला एका फटक्यात संपवायचा. हजारो अनोळखी माणसं एकाच दुनियेत खेळत असताना ते समजण्यासारखं होतं. तुमच्या टेबलाशी मात्र पाच ओळखीची माणसं बसली आहेत आणि ती बोलू शकतात. त्यांच्यावर तोच उपाय करणं म्हणजे डीएमने हातातला डाइस खाली ठेवून थेट निकाल सांगण्यासारखं आहे.

आधी निदान

वरून सारखा दिसणारा हा बिघाड आत चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो. कुठे आहे ते शोधायला पुढच्या सेशनआधी खेळाडूंना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही त्या पहारेकऱ्याचं ऐकलं असतं तर पुढे काय झालं असतं असं वाटलं?"

"सगळं सामान गेलं असतं आणि कोठडीत सडलो असतो." हे उत्तर सर्वांत जास्त वेळा येतं, आणि सर्वांत सोपं दुरुस्त होतं. खेळाडूच्या हिशेबात शरण जाणं म्हणजे जादूची तलवार कायमची गमावणं आणि बाकीचे खेळत असताना आपण कोपऱ्यात बसून राहणं. त्यापेक्षा लढून मेलेलं बरं, असं त्याला वाटत असेल तर त्याची चूक नाही. तुम्ही त्याला तिसरी वाट दाखवलीच नव्हती.

"साक्षीदार उरला नसता तर कुणाला कळलं असतं?" ही व्हिडिओ गेमची सवय. स्कायरिममध्ये मारहाणीला ४० आणि खुनाला १,००० सोन्याची बाउंटी (डोक्यावरचा दंड) लागते, तीही फक्त त्या होल्डपुरती (प्रांतापुरती). शेवटचा साक्षीदार मारला की ती पुसली जाते. हा गेम २०११ पासून चालू आहे. त्याने एका पिढीच्या हातांना हाच हिशेब शिकवला.

"त्याला अधिकारच काय?" हे उत्तर आलं तर नियम कुणालाच ठाऊक नाहीत. बहुधा तुम्हालाही नाहीत.

आणि चौथं उत्तर, "कंटाळा आला होता." यात पहारेकऱ्यांचा काही संबंध नाही. दीड तास बाजारहाट आणि संवाद झाल्यावर कुणाला तरी डाइस टाकावासा वाटला, एवढंच. नगरात शिरण्याआधी एक छोटी लढाई घाला किंवा बाजारात पाठलाग घाला. हा भाग इथंच सोडतो.

पहारेकऱ्याचं काम जिंकणं नाही

आता मूळ मुद्दा. लढाईत पार्टीला हरवणं ही पहारेकऱ्याची जबाबदारी धरली, की तुम्ही आकड्यांच्या चक्रात अडकता. प्रत्यक्ष इतिहासात ती त्याची जबाबदारी क्वचितच होती. त्याचं काम होतं बोंब ठोकणं आणि वेस बंद करणं.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८५ मध्ये विंचेस्टरचा कायदा केला. तो वाचताना डीएमला घबाड सापडल्यासारखं होतं. तटबंदीच्या नगरांचे दरवाजे सूर्यास्त ते सूर्योदय बंद. उन्हाळ्याच्या महिन्यांत प्रत्येक शहराच्या प्रत्येक दरवाजाशी रात्री सहा माणसं, बरोमध्ये (सनदी नगरात) बारा, गावात वस्तीप्रमाणे चार किंवा सहा. रात्री परका माणूस सापडला तर त्याला सकाळपर्यंत अडकवून ठेवायचं, संशय नसेल तर सोडून द्यायचं. तो अडवू देत नसेल तर बोंब ठोकायची, आणि बोंब ऐकणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यामागे लागायचं, एका गावातून पुढच्या गावात. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम: दरोडेखोर सापडले नाहीत तर नुकसान त्या परिसरातल्या लोकांनी भरून द्यायचं.

या शेवटच्या कलमावर सगळी दुरुस्ती उभी आहे. गुन्हेगार पळाला की दंड गावाला बसतो. म्हणून लोहार, सराईवाली, नावाडी सगळ्यांनाच पार्टी पकडली जावी असं वाटतं. त्यासाठी कुणालाही शूर किंवा कायद्याचा भक्त असायची गरज नाही. हीच कल्पना अगदी दुसऱ्या टोकाच्या राज्यातही दिसते. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत कोतवालाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात घरांची नोंद, मोहल्ल्याचा प्रमुख नेमणं, आल्यागेल्या पाहुण्यांची खबर आणि परक्यांसाठी वेगळी सराई आहे. शिवाय चोरी झाली तर कोतवालाने चोर आणि माल शोधायचा, नाहीतर नुकसानीला तोच जबाबदार.

आणखी एक गोष्ट डीएम विसरतात. हे रात्रीचे पहारेकरी बहुतेक पगारी शिपाई नव्हते. पॅरिसमध्ये राजाच्या पहाऱ्याबरोबर कारागिरांच्या संघांचा पहारा असे, आणि कारागीर पाळीपाळीने रात्र जागवत. काही धंद्यांना त्यातून माफी होती. म्हणजे पार्टीने वेशीत मारलेला माणूस उद्या सकाळी दुकान उघडणार होता. त्याचा भाऊ त्याच गल्लीत खोगीर शिवतो. पार्टीला घोड्यांची खोगिरं हवी आहेत.

तेव्हा गार्डचे ११ हिट पॉइंट तसेच राहू द्या. पार्टीने सहा मारले तर मारू द्या. तुमच्या नगराला चार वेशी असतील आणि विंचेस्टरचा हिशेब धरला तर रात्रीच्या पहाऱ्याला चोवीस माणसं असतात. पार्टीने एका मिनिटात त्यातली एक चतुर्थांश संपवली. आता हे त्या नगराला माहीत आहे.

घड्याळ: इथं सगळे चुकतात

डी अँड डीत राउंड सहा सेकंदांचा. वेशीवरची लढाई तीन-चार राउंडांत संपते, म्हणजे वीस-पंचवीस सेकंद. एवढ्यात कुमक येणं अशक्य आहे, आणि ती दर वेळी आली की खेळाडूंना वास येतोच. म्हणून कुमक लढाईत आणूच नका. लढाईआधी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून ठेवा: शिंग कुणाकडे आहे, दिंडी दरवाजाच्या आतून कोण बघतंय, आणि जवळची चौकी किती राउंड लांब आहे.

पहिल्या राउंडला एक पहारेकरी शिंग फुंकतो. हल्ला करत नाही, ॲक्शन त्यातच जाते. दुसरा आतल्या बाजूला पळतो आणि दिंडी दरवाजा लावून घेतो. बाकीचे चार डॉज करत, म्हणजे फक्त वार चुकवत, मागे सरकतात. मरायला कुणी आलेलं नाही. दहाव्या राउंडला, म्हणजे एक मिनिटाने, पार्टी प्रेतांचे खिसे चाचपत असताना तटावर माणसं दिसू लागतात आणि बाकीच्या तीन वेशी बंद झाल्याचे शिंगांचे आवाज एकामागून एक येतात. पार्टी आत असेल तर कोंडली गेली. बाहेर असेल तर तिचं नगरातलं काम राहिलं.

याचा परिणाम जबर होतो, कारण खेळाडूंनी लढाई जिंकलेलीच असते. "तुम्ही हरलात" असं कुणी म्हणत नाही. फक्त नगर बंद झालेलं असतं.

साक्षीदाराचा प्रश्नही इथंच सुटतो. शिंगाचा आवाज मारता येत नाही. खेळाडूंना हे कळायला एक प्रसंग पुरतो.

मग खबर कशी फिरते

पाठलाग करणाऱ्या शिपायांपेक्षा दारं बंद होणं जास्त बोचतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचा भाग आहे. तिथं गोप नावाचा अधिकारी दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांचा हिशेब ठेवतो आणि त्याच्या वर स्थानिक असतो. लपून जखमेवर उपचार करून घेणाऱ्याची खबर वैद्याने यांना द्यायची. दिली तर तो सुटला, न दिली तर तोही तेवढाच दोषी. हे कलम जसंच्या तसं उचला. लढाईनंतर पार्टी देवळात क्लेरिककडे (मंत्राने जखमा भरणाऱ्या पुजारिणीकडे) जाते तेव्हा क्लेरिक जखमा बांधून देते आणि म्हणते, "मी दुपारपर्यंत थांबते. त्यानंतर मला सांगावं लागेल." हा एक संवाद वीस व्हेटरनांपेक्षा जास्त काम करतो. पार्टीला वेळ मिळाला, धमकी मिळाली आणि एक माणूस मिळाला, जो तिच्या बाजूने आहे पण तिच्यासाठी बुडणार नाही.

सराईचंही असंच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जुना दंडक होता की पाहुणा तिसऱ्या रात्रीपासून घरचा माणूस धरला जाई, आणि त्याने काही केलं तर जाब यजमानाला. पार्टी दोन दिवस राहिली तर सराईवाली गप्पा मारते. तिसऱ्या संध्याकाळी ती हसत विचारते, नावं काय, धंदा काय, आणि गावात तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का? खेळाडूंनी आधीच्या सेशनमध्ये कुणाचं भलं केलं असेल तर ते आता कामाला येतं. जामीन राहणारा माणूस ही या खेळातली सर्वांत मौल्यवान लूट आहे, आणि ती प्रेताच्या खिशात सापडत नाही.

शरण जाणं परवडलं पाहिजे

निदानात पहिलं उत्तर आलं असेल तर हाच भाग तुमचा. मध्ययुगात तुरुंग बहुतेक करून निवाडा होईपर्यंत माणूस ठेवण्याची जागा होता. शिक्षा म्हणजे दंड, भरपाई, हद्दपारी, खोड्यात उभं करणं किंवा याहून वाईट काहीतरी. "तीन वर्षं कैद" हे कलम तुमच्या जगात नसेल तर काही बिघडत नाही. खेळाच्या दृष्टीने ते निरुपयोगीच आहे.

भरपाईचा तक्ता करा. केंटचा राजा एथेलबर्ट याचा कायदा सातव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात अवयवांचे दर आहेत: अंगठा तोडला तर २० शिलिंग, कान १२, पुढचा प्रत्येक दात ६. माणूस मारला तर त्याच्या दर्जाप्रमाणे रक्कम. वेसेक्समध्ये साध्या शेतकऱ्याची २०० शिलिंग, थेनची (सरदाराची) १,२००. असा तक्ता आधीच खेळाडूंच्या हातात दिला की टेबलावरची भाषाच बदलते. पार्टीतला रोग (Rogue, चोरटं पात्र) म्हणतो, "दातापुरतंच ठेवू." ते हसतात, पण हिशेब करतात, आणि तुम्हाला हवं होतं ते तेवढंच.

अटकेच्या प्रसंगात या गोष्टी मोठ्याने, आधी सांगा. पहारेकऱ्याच्या तोंडी घाला: शस्त्रं मोहोरबंद होतील, यादी होईल, सही घेतली जाईल, निवाडा उद्या सकाळी. आणि मग शब्द पाळा. यादीतली एक वस्तू जरी गहाळ केलीत तर या कॅम्पेनमध्ये पुन्हा कुणी शरण येणार नाही. भ्रष्ट पहारेकरी रंगवण्याचा मोह होतो. तो दुसऱ्या नगरासाठी ठेवा, किंवा लाच दिल्यावर काम चोख करणारा ठेवा. लाच घेऊनही फसवणारा मात्र कधीच नको. कोठडीतला वेळ खऱ्या घड्याळाने पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

निवाड्यात दंडाऐवजी काम द्या. पुढच्या साहसाचं आमंत्रण देण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण ते कप्तानाच्या गरजेतून आलं पाहिजे. इटलीच्या नगरराज्यांत पोदेस्ता नावाचा अधिकारी बाहेरून आणला जाई, म्हणजे स्थानिक घराण्यांच्या भांडणात तो गुंतलेला नसे. तो स्वतःचे न्यायाधीश, लेखनिक आणि शिपाई बरोबर आणे, नेमणूक सहा महिने किंवा वर्षाची असे, आणि मुदत संपली की त्याच्या कारभाराची चौकशी होई. असा कप्तान कल्पून बघा. महिनाभराने त्याची चौकशी आहे, वहीत चार न सुटलेल्या चोऱ्या आहेत, स्थानिक सरदार त्याला पाण्यात पाहतात, आणि समोर पाच सशस्त्र परके उभे आहेत ज्यांना इथं कुणी ओळखत नाही. तो त्यांना फासावर देईल की कामाला लावेल?

अधिकार कुणाचा

"त्याला अधिकारच काय?" हे उत्तर आलं असेल तर नगरातले कायद्याचे हात वेगळे करा. तटावरचे सैनिक एक, गल्लीतली गस्त दुसरी. डी अँड डीच्या वॉटरडीप शहरात हा फरक फार पूर्वीपासून आहे: सिटी गार्ड तटबंदी सांभाळतं, सिटी वॉच रस्ते. इस्लामी शहरांत शुर्ता (पोलीस) वेगळी, आणि बाजारातली वजनं-मापं, भेसळ बघणारा मुहतसिब वेगळा. देवळाच्या आवाराचा स्वतंत्र हक्क असेल तर आणखी उत्तम. या हातांची एकमेकांशी धुसफूस असली की खेळाडूंना फटी सापडतात, आणि फट सापडलेला खेळाडू तलवार काढत नाही. तीन-चार नियम वेशीवरच्या फलकावर लिहून खेळाडूंना वाचायला द्या. जास्त नकोत, कुणी वाचत नाही.

जादू

जादू असलेल्या जगात पहारा आंधळा असू शकत नाही. बॉल्डर्स गेट या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागात ॲथकाटला शहरात परवान्याशिवाय जादू केली की काउल्ड विझर्ड्स (जादूवर पहारा ठेवणारे मांत्रिक) येऊन उभे राहतात, आणि परवाना ५,००० सोन्याला मिळतो. परवाना, दंड, मुदत. कल्पना साधी आहे आणि चालते.

तीन मंत्र मात्र नीट वाचून ठेवा. चार्म पर्सन संपला की ज्याच्यावर केला त्याला ते कळतं. म्हणजे पहारेकऱ्याला भुलवून आत गेलेला बार्ड (जादू करणारा गायक) तासाभराने आरोपी असतो. आणि झोन ऑफ ट्रुथमुळे तपासाचा खेळ संपतो, अशी तक्रार ऐकू येते. तसं नाही. माणूस खोटं बोलू शकत नाही, पण टाळाटाळ करू शकतो आणि गप्पही राहू शकतो. पुरावा म्हणून तो किती धरायचा हे न्यायाधीशाने ठरवायचं, आणि मंत्र टाकणारा क्लेरिक कोणत्या देवळाचा आहे यावर अर्धं नगर वाद घालेल. स्पीक विथ डेडमध्ये (प्रेताला बोलतं करणारा मंत्र) विचारणारा शत्रू असेल तर प्रेतावर खरं बोलण्याची सक्ती नसते, पाचच प्रश्न विचारता येतात, आणि प्रेताला तोंड शाबूत लागतं. तुमचा खलनायक हे जाणतो असं धरा.

बिघाड आधीच झाला असेल तर

गेल्या सेशनमध्ये सहा पहारेकरी मेले आहेत आणि पार्टी नगराबाहेर जंगलात बसली आहे. आता काय? मागचं पुसू नका. चाप बसवायला खुनशी शिकारी मागे सोडू नका, तेही वाढवलेले आकडेच.

कप्तानाकडून एक निःशस्त्र माणूस पाठवा. शक्यतो मेलेल्यांपैकी एकाचा नातेवाईक, ज्याने हे काम मागून घेतलं आहे. त्याच्याकडे तीन अटी आहेत. भरपाई: सहा माणसांची, दर्जाप्रमाणे, इतके दिवस मुदत. किंवा सेवा: कप्तानाच्या वहीतलं एक काम, जामिनासह. किंवा इंग्लंडमधल्या जुन्या रिवाजासारखं, देवळात आसरा घ्यायचा, तिथं चाळीस दिवसांपर्यंत कुणी हात लावत नाही, मग गुन्हा कबूल करून ठरवून दिलेल्या बंदरापर्यंत सरळ चालत जायचं आणि राज्य कायमचं सोडायचं. वाट सोडली की संरक्षण संपलं.

खेळाडूंना आपसात बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा. तिन्ही अटी नाकारल्या तर हरकत नाही, ते आता या राज्यात बहिष्कृत आहेत आणि त्याचंही कॅम्पेन होतं. नावाडी नदी पार करून देत नाही, देऊळ जखमा बांधत नाही, आणि चोरीचा माल विकत घेणारा निम्मीच किंमत देतो, कारण त्याला ठाऊक आहे की दुसरं गिऱ्हाईक त्यांना मिळणार नाही. निरोप्या आला म्हणून त्यालाच मारलं, तर मात्र पुस्तकं मिटा आणि डाइस बाजूला ठेवून त्या खेळाडूशी बोला. तो बिघाड नगराचा नाही, आणि कोणत्याही कोतवालाने तो दुरुस्त होणार नाही.